सोलापूरचे डॉक्टर कोटणीस

आपल्या लोणी देवकरवरून जाणारा हमरस्ता ज्या सोलापूरला पोचतो, तिथे १९१० साली द्वारकानाथ कोटणीस जन्मले. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले हे एक. तिकडे असतानाच वडील गेल्याचे कळले, तरी ते थांबले. बाकीचे चौघे यथावकाश परतले. आम्ही सॉफ्टवेअरवालेही परदेशी जातो, पण प्रोजेक्ट संपला की परतीचे तिकीट! कोटणीस चिनी भाषा शिकले, डोंगराळ भागात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी फेफऱ्याच्या आजाराने ते गेले. वय ३२. यिनहुआ तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.