डॉ. आनंदीबाई जोशी : दुखणे अंगावर काढू नये

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली, संसारात रमलेली बाई. परंतु गेल्या दोन वर्षांत जे भोगले, त्यामुळे आनंदीबाईंचे चरित्र मला नव्याने कळले. तेच सांगते.

आनंदीबाई माहेरच्या यमुना, कल्याणच्या. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर, स्वभावाने हट्टी. परंतु बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय उगवला.

त्या काळी बायका पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे बोलत नसत, आतल्या आत झुरत. म्हणून या देशाला स्त्री डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंनी १८८३ साली बंगालमधील सेरामपूर येथे भर सभेत सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या पतीवाचून एकट्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. तेथे कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीसारखे सांभाळले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या.

परंतु तेथील थंडीत प्रकृती ढासळली. क्षयाने त्यांना ग्रासले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. वय पुरते बावीसही नव्हते! क्षयाचा जंतू १८८२ सालीच सापडला होता, पण त्यावरचे गुणकारी औषध यायला १९४३ साल उजाडले. रोगाचे नाव ठाऊक, पण औषध नाही, अशी त्या माउलीची स्थिती.

आता माझे ऐका. मला सदा थकवा, केस गळणे, अंगावर सूज, पाळीचा घोळ. नागपूरच्या मे महिन्यात सारे घर कूलरपुढे बसे आणि मी चादर ओढून! घरचे म्हणत, आळस. शेजारणी म्हणत, चाळिशी. एका दवाखान्यात ताकदीच्या गोळ्या देऊन मला वाटेला लावले. मीही लाजेने पाळीचे सांगितले नाही. शेवटी थोरल्या जावेने हाताला धरून एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी सर्व शांतपणे ऐकले, गळा चाचपला, रक्त तपासायला दिले. थायरॉईड ग्रंथी मंदावली होती. गळ्याच्या पुढच्या बाजूस असलेली ही फुलपाखरासारखी ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते आणि साऱ्या शरीराची चाल राखते. ती मंदावली की सारेच मंदावते.

या रोगावर उपाय निघाला तो १८९१ साली, म्हणजे आनंदीबाई गेल्यावर चारच वर्षांनी. इंग्लंडमधील डॉ. मरे यांनी शेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. आज मला रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी पुरते. डॉक्टरीणबाई अधूनमधून रक्त तपासून मात्रा ठरवितात. गुण एका दिवसात आला नाही, काही महिने लागले. पण यंदाच्या हळदीकुंकवाला मी पुन्हा उभी राहून वाण वाटले.

आनंदीबाईंपाशी धैर्य होते, विद्या होती, औषध नव्हते. आपल्यापाशी औषध आहे आणि आपण तोंड उघडत नाही! बायकांना दुखणे सांगता यावे म्हणून ती मुलगी सातासमुद्रापलीकडे गेली. भगिनींनो, आपल्याला दवाखान्यापर्यंतच जायचे आहे.