डोरोथिया डिक्सबाई : वेड्या बंदिवानांच्या कैवारी

मनुष्याच्या हातापायांस रोग झाला म्हणजे त्याला वैद्याकडे नेतात. परंतु रोग बुद्धीस झाला तर त्याच मनुष्याला बेडी घालून तुरुंगात टाकण्याची चाल पुष्कळ देशांत फार काळ होती. ही चाल अन्यायाची आहे असे ज्यांनी अमेरिकेतील लोकांस पटवून दिले, त्या डोरोथिया डिक्सबाईंचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

डिक्सबाईंचा जन्म ४ एप्रिल १८०२ रोजी अमेरिकेच्या मेन प्रांतातील हॅम्पडन ह्या गावी झाला. त्यांचे वडील फिरते उपदेशक होते. परंतु घरी सुख नव्हते. म्हणून सुमारे बारा वर्षांच्या असता त्या बॉस्टन शहरी आपल्या आजीकडे गेल्या. चौदाव्या वर्षीच त्यांनी लहान मुलांची शाळा घातली, आणि पुढे बॉस्टन येथे पुष्कळ वर्षे शिक्षिकेचे काम केले. श्रमाने प्रकृती ढासळली, तेव्हा १८३६ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे लिव्हरपूलजवळ रॅथबोन नावाच्या कुटुंबाने त्यांना आश्रय दिला. वेड्यांस मारहाण न करता मायेने, स्वच्छतेने व नित्य कामाने वागविले तर पुष्कळांस गुण येतो, हा विचार त्या देशात तेव्हा पसरत होता, व तो बाईंच्या कानी आला.

मार्च १८४१ मध्ये देवज्ञान शिकणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याने त्यांच्याकडे येऊन सल्ला विचारला. पूर्व केंब्रिज येथील तुरुंगातील स्त्रियांस शब्बाथशाळेत शिकविण्यास कोणी बाई हवी होती. डिक्सबाईंनी दुसऱ्या कोणाचे नाव सुचविले नाही. त्या स्वतःच गेल्या. पाठ संपल्यावर त्यांनी तुरुंग फिरून पाहिला. तेथे काही स्त्रिया अशा होत्या की ज्यांचा अपराध काहीच नव्हता. त्या केवळ वेड्या होत्या. अपराधी लोकांमध्येच त्यांना कोंडले होते. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या कोठडीत शेगडीही नव्हती. विचारता उत्तर मिळाले की वेड्यांस थंडी लागत नाही! बाईंनी हे प्रकरण न्यायालयापुढे नेले, व कोठडीत उष्णतेची सोय करविली.

दुसरे कोणी असते तर एवढ्यावर समाधान मानून घरी बसले असते. बाईंच्या मनात मात्र प्रश्न आला की इतर तुरुंगांत काय चालले असेल? मॅसॅच्युसेट्स प्रांतात जो वेडा शांततेस धोकादायक वाटे, त्याला तुरुंगात ठेवण्याची मोकळीक कायद्यानेच दिली होती. जो गरीब असे, त्याचा सांभाळ गावाच्या माथी येई, व जो सर्वांत कमी पैसे मागेल त्याच्या हवाली त्याला करीत. बाई सुमारे दोन वर्षे गावोगाव हिंडल्या. प्रत्येक ठिकाणी काय पाहिले ते त्या गावाच्या नावानिशी टिपून ठेवीत. पिंजऱ्यांत, तळघरांत व गोठ्यांत, साखळदंडांनी जखडलेली, उघडीनागडी माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

जानेवारी १८४३ मध्ये हा सारा वृत्तांत त्यांनी कायदेमंडळास लिहून दिला. त्या काळी स्त्रीने अशा सभेपुढे भाषण करण्याची रीत नव्हती. म्हणून डॉक्टर सॅम्युएल हौ ह्यांनी तो अर्ज मांडला. काही गावच्या अधिकाऱ्यांनी हे सर्व खोटे आहे असा गिल्ला केला. परंतु बाईंनी सगळा दोष रखवालदारांवर लादला नव्हता. तुरुंग अपराध्यांसाठी बांधलेला असतो, त्याचे इस्पितळ करणे हा रोग्यावर जसा अन्याय, तसाच रखवालदारावरही आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर वूस्टर येथील वेड्यांचे इस्पितळ वाढविण्याचा ठराव मंजूर झाला.

मग बाई इतर प्रांतांत गेल्या. तीन वर्षांत त्यांनी दहा हजार मैलांहून अधिक प्रवास करून तीनशे जिल्हा तुरुंग व पाचशेहून अधिक गरीबखाने पाहिले. त्यांच्या खटपटीने न्यू जर्सी प्रांतात ट्रेंटन येथे नवे इस्पितळ १८४८ साली उघडले. तीसहून अधिक इस्पितळांच्या स्थापनेस किंवा वाढीस त्यांचे साहाय्य झाले, असे मानतात.

निराशाही त्यांच्या वाट्यास आली. वेड्यांच्या पोषणासाठी सरकारी जमीन राखून ठेवावी, म्हणून सहा वर्षे झटल्यावर १८५४ साली दोन्ही सभांनी एक कोटी बावीस लाख एकरांहून अधिक जमिनीचा कायदा मंजूर केला. त्यात मोठा भाग वेड्यांसाठी व उरलेला आंधळ्या-बहिऱ्यांसाठी होता. परंतु गरिबांचा सांभाळ मध्यवर्ती सरकारने करणे घटनेस धरून नाही, असे म्हणून अध्यक्ष पिअर्स ह्यांनी तो नामंजूर केला. बाई खचल्या, पण थांबल्या नाहीत. युरोपास जाऊन स्कॉटलंडातील वेड्यांच्या हालांची सरकारी चौकशी त्यांनी करविली, आणि रोम येथे खुद्द पोपसाहेबांपुढे गाऱ्हाणे मांडले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धात सैन्याच्या परिचारिकांचे अधिपत्य त्यांच्याकडे होते. वृद्धपणी ट्रेंटनच्या त्याच इस्पितळाने त्यांना राहण्यास जागा दिली, आणि तेथेच जुलै १८८७ मध्ये त्या निवर्तल्या.

त्यांचे काम पुरे झाले असे मात्र म्हणता येत नाही. ती इस्पितळे पुढे गर्दीने भरून स्वतःच बंदिशाळांसारखी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ बंद पडली, परंतु रोग्यांची दुसरी सोय पुरेशी झाली नाही. आणि आज अमेरिकेच्या तुरुंगांत पुन्हा असंख्य मनोरुग्ण आहेत. आपल्या देशातही निरपराध वेड्यांस तुरुंगात ठेवीत असत. ते घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दिला. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधणे मना केले आहे. वाट चुकून भटकणारा असा मनुष्य आढळला तर पोलिसांनी त्याला कोठडीत न ठेवता उपचारास न्यावे, असेही त्यात आहे.

प्रिय वाचकहो, कायदा कागदावर असला तरी साखळी गावात असते. थडग्यांमध्ये राहणाऱ्या, बेड्या तोडणाऱ्या त्या मनुष्यास प्रभूने भ्याला नाही व हाकलूनही दिले नाही. तो शुद्धीवर आल्यावर त्याला त्याच्या घरी पाठविले. आपल्या मंडळीच्या शेजारी असा कोणी खांबाला बांधलेला असेल, तर त्याच्या घरच्यांस दोष देण्याआधी त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत चालत जाणे, हे आपले काम आहे. डिक्सबाईही प्रथम एका पाठासाठीच घराबाहेर पडल्या होत्या.