झाडे तोलणारा पाद्री

इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठी टेडिंग्टन नावाचे गाव आहे. आज ते लंडन शहराच्या विस्तारात सामावून गेले असले, तरी अठराव्या शतकाच्या आरंभी ते एक लहानसे खेडेच होते. १७०९ साली तेथील प्रार्थनामंदिरात स्टीफन हेल्स नावाचा एक तरुण पाद्री धर्मोपदेशक म्हणून आला आणि आयुष्याची उरलेली एकावन्न वर्षे त्याने त्याच गावाच्या सेवेत घालविली.

हेल्सचा जन्म १६७७ साली केंट परगण्यात झाला. केंब्रिज येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करीत असतानाच त्याला सृष्टिविज्ञानाची गोडी लागली. मित्राबरोबर रानावनांत हिंडून तो वनस्पती गोळा करी. न्यूटनच्या शोधांनी त्या विद्यापीठातील वातावरण भारून गेले होते. सृष्टीतील प्रत्येक व्यवहार मोजून व तोलून पाहावा, ही दृष्टी हेल्सने तेथेच घेतली आणि ती त्याने जन्मभर सोडली नाही.

प्रथम त्याने प्राण्यांच्या रक्ताचा जोर मोजण्याचा प्रयत्न केला. घोड्याच्या धमनीला काचेची उंच नळी जोडली असता तीत रक्त ८ फूट ३ इंच चढले. परंतु प्राण्यांच्या चिरफाडीचा त्याला मनस्वी कंटाळा आला व ते काम त्याने काही वर्षे बाजूला ठेवले.

पुढे एका द्राक्षवेलीने त्याला नवी वाट दाखविली. बागेतील ती जुनी वेल छाटण्यास उशीर झाला होता. वसंतात रस चढू लागण्याच्या सुमारास वेल छाटली, म्हणजे तिच्या छाटातून पाणी वाहू लागते. ते काही केल्या थांबेना, तेव्हा वेल मरणार अशी हेल्सला भीती वाटू लागली. अनेक उपाय थकल्यावर त्याने जनावराच्या मूत्राशयाचा पातळ पडदा छाटावर घट्ट बांधला. थोड्या वेळाने पाहतो, तो पडदा फुगून टम्म झालेला! दुसरा एखादा माळी पडदा आणखी घट्ट आवळून स्वस्थ बसला असता. हेल्सच्या मनात मात्र प्रश्न आला, की पडद्याला आतून एवढ्या जोराने रेटणारा हा रस किती उंच चढू शकेल?

त्याने छाटलेल्या वेलींना काचेच्या नळ्या एकीवर एक जोडल्या. रस चढता चढता २१ फुटांपर्यंत गेला. मग त्याने पाऱ्याची वाकडी नळी लावून पाहिली. पारा ३८ इंच वर ढकलला गेला. पाण्याच्या हिशेबाने ही उंची सुमारे ४३ फूट होते. घोड्याच्या धमनीतील रक्ताच्या जोराहून हा जोर जवळजवळ पाचपट! ज्या मुळांना हृदय नाही, त्यांच्या अंगी एवढे बळ आहे, हे तोपर्यंत कोणी मोजलेच नव्हते.

तथापि कोडे एवढ्याने सुटले नाही. वेलीला पाने फुटली, म्हणजे छाटातून पाणी येईनासे होई. उलट छाटावर पाणी ठेवले, तर खोडच ते शोषून घेई. वसंतात मुळे पाणी वर ढकलीत होती, तर मग उन्हाळ्यात ते वर नेणारा कोण? हेल्सची दृष्टी पानांकडे वळली.

१७२४ च्या जुलै महिन्यात त्याने कुंडीत लावलेले साडेतीन फूट उंचीचे एक सूर्यफुलाचे झाड निवडले. मातीतील ओल परस्पर उडून जाऊ नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि पाणी घालण्यापुरती एक बुचाची नळी ठेवली. मग निरनिराळ्या पंधरा दिवशी, सकाळी व सायंकाळी, तो कुंडी तागडीत घालून तोलीत असे. दिवसाच्या बारा तासांत झाड सरासरी १ पौंड ४ औंस पाणी हवेत सोडी. कोरड्या, उबदार रात्री हा खर्च अवघा ३ औंस असे आणि दव पडलेल्या रात्री काहीच नसे. दोऱ्यांची जाळी करून त्याने पानेही मापली, तेव्हा त्यांचे क्षेत्रफळ ३९ चौरस फूट भरले. पुढे त्याने सफरचंदाच्या फांद्या पाण्यात ठेवल्या. पाने असलेल्या फांद्यांनी दिवसभरात १५ ते ३० औंस पाणी ओढले. पाने काढून टाकलेल्यांनी जेमतेम एक औंस. पाणी वर ओढण्याचे मुख्य काम पानेच करतात, हे यावरून उघड झाले.

नागपूरजवळच्या हिंगणा भागात संत्र्याच्या बागा करणाऱ्यांना पानांचा हा खर्च अनुभवाने ठाऊक असतो. बहार धरण्यासाठी ते झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतात, तेव्हा पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात आणि झाड आपला खर्च आवरते. पुढे पाणी मिळाले, की पुन्हा पालवी व फुले येतात. हे संत्रे बहुधा जंबेरीच्या खुंटावर बांधलेले असते. म्हणजे संत्र्याच्या फोडीतील रसाचे पाणी मुळात जंबेरीने जमिनीतून शोषलेले असते आणि मातीतील क्षारही त्याच पाण्यात विरघळून वर आलेले असतात!

हेल्सने आपले प्रयोग १७२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. झाडातील रस रक्तासारखा वर्तुळाकार फिरत नाही, हेही त्याने खाचा पाडलेल्या फांद्यांवरून दाखविले. पाने हवेतूनही काही पोषण घेत असावीत, असा तर्क त्याने केला, आणि तो पुढे खरा ठरला. मात्र पाने एवढ्या उंचीवर पाणी ओढतात कशी, याचा उलगडा होण्यास आणखी दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८९४ साली डब्लिन येथील हेन्री डिक्सन व जॉन जोली यांनी तो मांडला. लाकडातील बारीक जलवाहिन्यांत पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. पानातून वाफ निघून गेली, की मागचे पाणी ओढले जाते आणि ती ओढ थेट मुळांपर्यंत पोहोचते.

हेल्सला कीर्ती मिळाली, राजघराण्याचा स्नेह लाभला, तरी त्याने टेडिंग्टन सोडले नाही. जहाजांत व तुरुंगांत कोंडलेल्या हवेने माणसे दगावत. त्यांना ताजी हवा मिळावी म्हणून त्याने मोठे भाते तयार केले. १७५४ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, त्याने गावाला चांगल्या पाण्याची सोय करून दिली. काम पुरे झाल्यावर त्याने तेथेही माप घेतले. सेकंदाचे ठोके देणाऱ्या लंबकाचे तीन झोके होईपर्यंत दोन क्वार्टांचे भांडे भरते, अशी नोंद त्याने प्रार्थनामंदिराच्या वहीत केली. ४ जानेवारी १७६१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, तो टेडिंग्टन येथेच वारला आणि त्याच्याच इच्छेनुसार त्याला तेथील प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्याखाली पुरण्यात आले.