फाळक्यांचा अंकुर आणि आगकाड्या

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, मुंबईचे कॉरोनेशन थिएटर हे तपशील तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी पाठच करून घेतले आहेत. या कीर्तीच्या सावलीत त्यांचे दुसरे एक कर्तृत्व झाकले गेले. निर्जीव वस्तू चौकटीचौकटीने हलवून पडद्यावर सजीव करण्याच्या कलेला आज आपण ॲनिमेशन म्हणतो आणि तिचा विषय निघताच जपानकडे बोट दाखवतो. जपानी चित्रगृहांत हा प्रकार रुजण्याआधीच फाळक्यांनी तो हाताळला होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न शास्त्री. मुलाचा ओढा मात्र रंग, यंत्रे आणि नाटक यांकडे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकून त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग मुद्रणव्यवसायात नाव मिळवले, जर्मनीला जाऊन छपाईतील नवी तंत्रे पाहून आले आणि भागीदारांशी मतभेद होताच तो चालता धंदा सोडून दिला. या भटकंतीतच ते जादूही शिकले आणि आडनावाची अक्षरे उलटवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करू लागले. चरित्रकार हा भाग गमतीने सांगून पुढे सरकतात. माझ्या मते त्यांच्या कलेची किल्ली येथेच आहे. प्रेक्षकाच्या डोळ्याला कसे आणि किती फसवता येते, हे त्यांना कॅमेरा हाती येण्यापूर्वीच कळले होते.

गिरगावातील एका तंबूत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिल्यापासून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. महिनोन्महिने चित्रपट पाहण्याच्या आणि अपुऱ्या झोपेच्या श्रमाने त्यांची दृष्टी गेली; ती उपचारांनी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या आरंभी लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची नोंदणी करून परतले. आता भांडवल हवे होते, आणि न पाहिलेल्या धंद्यात पैसा घालायला कोणी धजत नव्हते.

तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवून महिन्याभराहून अधिक काळ ते ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. कोंब फुटला, पाने उलगडली, वेल वर चढला आणि ही सारी वाढ पडद्यावर मिनिटभरात घडताना दिसली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लघुपटाचे नाव. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देऊ केले. ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो या वाटाण्याच्या वेलाच्या आधाराने. चित्रीकरणाबरोबरच फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे घरातच चालत आणि त्यांत पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा बरोबरीचा होता.

चौकटीचौकटीचे हे तंत्र फाळक्यांनी पुढे सोडले नाही. पहिले महायुद्ध सुरू होते, परदेशी कच्ची फिल्म मिळणे अवघड झाले होते. मोठे पौराणिक पट काढायचे तर प्रत्येक फुटाचा हिशेब करावा लागे. या काळात, १९१५ च्या सुमारास, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. काडी मांडायची, एक चौकट घ्यायची, काडी किंचित सरकवायची, पुन्हा एक चौकट घ्यायची. मूकपटाच्या गतीने सेकंदाला सुमारे सोळा चौकटी लागतात, म्हणजे मिनिटभराच्या खेळासाठी जवळपास हजार वेळा हात पुढे करून मागे घ्यायचा. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्या नाचवल्या होत्या. फाळक्यांनी तो खेळ आपल्याकडे मांडला. नट नको, पोशाख नको, देखावा नको. एक आगपेटी पुरे.

याच सुमारास, १९१७ मध्ये, जपानमध्ये ओतेन शिमोकावा, जुनइची कोउची आणि सेइतारो कितायामा हे तिघे व्यंगचित्रपट करू लागले. शिमोकावा तर प्रारंभी फळ्यावर खडूने चित्रे काढीत, पुसत आणि पुन्हा काढीत. साधने दोन्हीकडे सारखीच तुटपुंजी होती. पुढचा प्रवास मात्र वेगळा झाला. जपानमध्ये कोउची यांच्यानंतर नोबुरो ओफुजी कागदाच्या कात्रणांतून काव्यमय पट करू लागले आणि पिढी पिढीला शिकवत गेली. फाळक्यांच्या काड्या उचलायला त्यांच्यामागे कोणी आले नाही. प्रभात कंपनीचा ‘जंबू काका’ १९३४ मध्ये आला, तोही एकाकीच.

स्वतः फाळकेही पौराणिक पटांत गुंतले. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ यांनी गर्दी खेचली. त्यांतील उड्डाणे आणि अंतर्धाने हीदेखील प्रोफेसर केळफांचीच करामत होती. नंतर भागीदारांशी खटके उडाले, काही काळ काशीवास घडला, बोलपट आला आणि काळ पुढे गेला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा पट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

कोउची यांच्या १९१७ च्या पटाची प्रत या शतकात ओसाका येथील जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडली. बोथट तलवार घेऊन फसलेला त्यांचा सामुराई आज कोणालाही पाहता येतो. ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग उरले आहेत. ‘आगकाड्यांची मौज’ची एकही प्रत उपलब्ध नाही.