छापखान्यातले दादासाहेब

कोडोलीला आमच्या देव्हाऱ्यावर लक्ष्मीचं एक जुनं चित्र आहे. आजीच्या लग्नात आलेलं. खाली बारीक अक्षरात रविवर्मा प्रेसचं नाव. लहानपणापासून मी त्याला नुसता नमस्कारच करत आलो. ते छापलं कसं असेल, हा प्रश्न इंजिनिअरिंगला आल्यावर पडला!

मित्रांनो, त्याचं उत्तर जर्मनीत सापडतं. १७९६ च्या सुमारास म्युनिकच्या अलोइस सेनेफेल्डरने शिळाछापाची युक्ती शोधली. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. शाई ओल्या जागी बसत नाही, तेलकट रेघांनाच धरते. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये जर्मन यंत्रं आणि तंत्रज्ञ आणून मुंबईत प्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला.

या प्रेससाठी काम करणारा एक मराठी माणूस होता, धुंडिराज गोविंद फाळके. होय, आपले सिनेमावाले दादासाहेब!

जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी. गोध्र्याला स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगच्या दिवसांत बायको आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली, तीही सोडली. मग लोणावळ्यात स्वतःचा ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला थेट जर्मनीला गेले. धंद्याचं नाव झालं. पण भागीदारांशी पटेना, आणि उभा केलेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. वय चाळीस, घरात पोरंबाळं, हातात काही नाही.

१९११ मध्ये त्यांनी येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि झपाटले. डोळ्यांवर इतका ताण दिला की काही काळ दिसेनासं झालं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणला. वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं टिपून लोकांना दाखवलं. फिल्मला भोकं पाडायला पत्नी सरस्वतीबाई बसायच्या. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

माझा एम-थ्री दोनदा राहिला, तेव्हा वाटलं की आपली वर्षं वाया गेली. दादासाहेबांची तर कितीतरी गेली असती! पण प्लेट, रसायनं, प्रकाश, नक्षी हे सगळं छापखान्यात हाताला लागलेलं, तेच पुढे पडद्यावर उपयोगी पडलं. त्यांचा शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ (१९३७) कोल्हापूर सिनेटोनचा, म्हणजे आपल्याच गावचा. १९४४ मध्ये नाशिकला ते गेले.

आता सुट्टीत घरी गेलो की त्या लक्ष्मीकडे जरा वेळ बघतो. नमस्कार करतो, पण आता दोघांना.