चौथ्या प्रहरीचा नैवेद्य

माघ वद्य सप्तमी जवळ आली की आमच्या खामगावाहून शेगावकडे जाणारा रस्ता पहाटेपासून माणसांनी फुलू लागतो. अंतर जेमतेम पाच कोसांचे. दिंड्या निघतात, पताका निघतात, घराघरांतून नैवेद्याचे डबे बांधले जातात. खामगाव ही चांदीची पेठ म्हणून सर्वत्र ख्यात असल्यामुळे कोणी पादुका घडवून घेतो, कोणी छत्र घडवितो. हे योग्यच आहे. ज्याला ईश्वराने दिले त्याने ईश्वरापुढे ठेवावे. परंतु याच दिवसांत कीर्तन आटोपल्यावर एखादी माउली मागे रेंगाळते, इतर बायका निघून गेल्या आहेत हे पाहते आणि हळूच विचारते की, घरी हात आखडता आहे, महाराजांपुढे ठेवण्याजोगे काही नाही, तर रिकाम्या हाती कसे जावे? हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की यंदा प्रकटदिनाच्या निमित्ताने श्रीगजानन महाराजांचे चरित्र त्या एकाच प्रश्नाच्या अंगाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराज कोण, कुठले, मातापिता कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. दि. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी ते शेगावात प्रथम दृष्टीस पडले, तेही एका घरच्या मंगलकार्याच्या दिवशी. देविदास पातुरकरांकडे ऋतुशांतीनिमित्त पंगती उठल्या होत्या, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या, आणि एक दिगंबर तरुण त्या पत्रावळींतील शिते वेचून मुखात घालीत होता. बंकटलाल अगरवाल व दामोदरपंत कुळकर्णी यांनी ते पाहिले आणि ही भूक नव्हे, हे काही निराळेच आहे, असे त्यांना वाटले. पातुरकरांना सांगून त्यांनी पक्वान्नांचे ताट वाढून आणविले. महाराजांनी सारी पक्वान्ने एकत्र कालवली, तिखट-गोड असा भेद राखला नाही आणि जेवून झाल्यावर गुरांसाठी ठेवलेले पाणी प्यायले. वेचलेली शिते आणि वाढलेले ताट या दोहोंत त्यांना अंतर दिसले नाही. पुढे बत्तीस वर्षे, १९१० च्या समाधीपर्यंत, त्यांच्यापुढे जे जे आले त्याकडे त्यांनी याच दृष्टीने पाहिले.

पाहा, महाराजांना द्रव्य देऊ करणारे काही थोडे नव्हते. कारंज्याच्या लक्ष्मण घुड्यांची कथा कीर्तनांतून सर्वांनी ऐकलेली आहे. महाराजांच्या कृपेने त्यांची पोटदुखी गेली. त्यांनी महाराजांना आदराने घरी नेले, तबकात नाणी ठेवली आणि आपले जे काही आहे ते सारे महाराजांचेच आहे असे बोलून गेले. महाराजांनी तत्काळ तिजोरीची कुलुपे काढून टाकण्यास सांगितले. घुडे घुटमळले. महाराज अन्नाला न शिवता निघून गेले. याउलट अकोल्याचे बच्चुलाल अगरवाल. त्यांनी महाराजांना वस्त्रालंकार चढविले, दहा हजार रुपये पुढे ठेवले, आणि त्यांच्या वाणीत व मनात अंतर नव्हते. महाराजांनी अलंकार उतरवून टाकले, पैशाला स्पर्श केला नाही, मात्र दोन पेढे खाल्ले आणि मगच ते गेले. या दोन कथा आम्ही नेहमी जोडून सांगतो, कारण पहिलीच सांगितली तर श्रोत्यांना वाटते की महाराजांचा राग श्रीमंतीवर होता. तसे नव्हते. बच्चुलालही श्रीमंतच होते. त्यांच्या घरचा पेढा महाराजांनी घेतला.

आता चंदू मुकीनाची गोष्ट. ज्येष्ठ महिना होता, भक्तमंडळी महाराजांना आंबे देत होती. महाराजांना आंबे नको होते. त्यांनी चंदूला सांगितले की त्याच्या घरी उतरंडीत दोन कान्होले आहेत, ते आणावे. चंदू गोंधळला; कान्होले अक्षय्यतृतीयेला केले होते, त्याला महिना लोटला होता. ताजे करून आणतो, असे त्याने विनविले. महाराज ऐकेनात. चंदू घरी गेला, पत्नीला विचारले. तिनेही प्रथम काही उरलेले नाही असेच सांगितले. मग उतरंड उतरविली तेव्हा खालच्या एका मडक्यात दोन कान्होले निघाले, वाळलेले, पण बुरशी न लागलेले. सणाच्या दिवशी गृहिणीने उद्यासाठी म्हणून बाजूला ठेवले आणि ती विसरली. जी वस्तू देता येईल असे त्या घरातील दोघांच्याही ध्यानात नव्हते, तीच महाराजांनी मागून घेतली.

आमच्या खामगावाशी नाते असलेली कथा याहूनही हृद्य आहे. श्रीदासगणू महाराजांनी १९३९ मध्ये शेगावी श्रीगजाननविजय ग्रंथाचे एकवीस अध्याय सिद्ध केले, त्यांत ती आली आहे. अकोल्याच्या राजाराम कवरांचा धाकटा पुत्र त्र्यंबक, घरी भाऊ म्हणत, हैदराबादेस वैद्यकीचे शिक्षण घेत होता. सुट्टीत घरी आला असता त्याच्या मनाने घेतले की महाराजांना त्यांच्या आवडीचे जेवण आपल्या हाताने नेऊन द्यावे. आवड ती कोणती? ज्वारीची भाकर, कांदा, हिरवी मिरची, अंबाडीची भाजी, हरभऱ्याच्या डाळीचे बेसन. वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या न्याहारीत जे असते तेच. खर्च म्हणून काही नव्हता. अडचण निराळीच होती. भाऊची आई तो लहान असतानाच निवर्तली होती. घरात भावजय, तिचा स्वभाव तापट असल्याचे पोथीने मोकळेपणाने सांगितले आहे. आईला हक्काने सांगता येते, भावजयीला कसे सांगावे, या विचाराने तो मुलगा मनातल्या मनात झुरत राहिला.

अखेर त्या भावजयीनेच त्याचा उतरलेला चेहरा पाहून कारण विचारले. ऐकताच ती आनंदाने उठली आणि चुलीपुढे बसली.

आम्ही येथे थोडे थांबतो, कारण आम्हा कीर्तनकारांकडून या ठिकाणी नेहमी एक अन्याय होतो. आम्ही घाईने भाऊला स्टेशनवर नेतो, त्याचे अश्रू रंगवितो आणि चुलीपुढच्या त्या बाईला विसरतो. अंबाडीची भाजी करणे म्हणजे काय, हे घरच्या बायकांना सांगावयास नको. पाने खुडावयाची, निवडावयाची, उकडून त्यांचे आंबट पाणी पिळून काढावयाचे, डाळ किंवा ज्वारीच्या कण्या घालून शिजवून घोटावयाचे, वर लसणाची फोडणी द्यावयाची. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. गरम पाण्याने मळून, तळहाताने रगडून मग ती भाकर थापावी लागते, नाहीतर तव्यावर टाकताच भेगाळते. बाजारात विकत मिळणारे यात काहीच नाही. आहेत ते दोन हात आणि वेळ. भावजयीने भाकरी केल्या, त्यांना लोणी लावले, सारे बांधून दिरापुढे ठेवले.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात कृष्णाच्या ब्राह्मण मित्राची कथा आहे. सुदामा हे त्याचे लोकप्रसिद्ध नाव. लोक समजतात की पोहे त्यांच्या घरचे होते. मूळ ग्रंथ लक्षपूर्वक वाचल्यास दिसते की घरात तेवढेही नव्हते. पत्नीने शेजारच्या ब्राह्मणांकडे मागून चार मुठी पोहे मिळविले, फडक्याच्या तुकड्यात बांधले आणि पतीच्या हाती दिले. द्वारकेस पोहोचल्यावर तो ब्राह्मण लाजून ती पुरचुंडी लपवू लागला. श्रीकृष्णानेच ती ओढून घेतली. ज्या स्त्रीने शेजारी जाऊन पदर पसरला, तिचे नाव मात्र तेथे नाही. आमच्या मते त्या कथेत मानी ती, आणि धैर्याचीही तीच. अकोल्याच्या या भावजयीच्या पंक्तीला तिचे पान मांडावे.

भाऊ भाकरी घेऊन स्टेशनवर आला तो बाराची गाडी निघून गेलेली. दुसरी गाडी तीन तासांनी. तो मुलगा तेथेच बसून रडू लागला. महाराजांचे जेवण आता होऊन जाईल. भावजयीचे श्रम वाया जातील. आपले दैवच खोटे. परत घरी जाऊन भाकरी खाऊन टाकाव्यात, असे त्याच्या मनात आले नाही. तो गाडीची वाट पाहत बसून राहिला.

इकडे शेगावात महाराजांपुढे नैवेद्यांची ताटे आली होती, त्यांत पक्वान्ने होती. महाराज एकाही ताटाला हात लावीनात. सेवेकरी बाळाभाऊंनी पुनःपुन्हा विनविले. महाराजांनी आज आपले भोजन चौथ्या प्रहरी होणार असल्याचे सांगून त्यांना गप्प केले. ताटे निवत राहिली. चारच्या सुमारास भाऊ मठात पोहोचला. महाराजांपुढची ती ताटे पाहून त्याला आपली पुरचुंडी सोडण्याचे धैर्य होईना. महाराजांनीच ती मागितली, आणि तीन भाकरींपैकी दोन स्वतः खाऊन तिसरी प्रसाद म्हणून वाटून टाकली.

महाराज ज्या कारणाने थांबले त्याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. भाकर तर शेगावातही मिळाली असती; त्या दिवशीही कोणाच्या तरी चुलीवर ती होतीच. महाराज थांबले ते त्या एका भाकरीसाठी, जी आई नसलेल्या मुलाने भीत भीत मागितली आणि तापट म्हणविल्या गेलेल्या बाईने हसत थापली. त्यांनी ती तशीच परत जाऊ दिली असती तर त्या घरात पुढे कोणी कोणाला काही मागितले असते की नाही, कोण जाणे!

महाराज देत तेही याच जातीचे असे. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला आला तेव्हा अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी शेगावला माणूस पाठविला. महाराजांनी लोकमान्यांसाठी जो प्रसाद दिला तो ज्वारीच्या भाकरीचा. दातांच्या अडचणीमुळे लोकमान्यांनी ती कुस्करून, चूर करून खाल्ली, असे पोथी सांगते. पुढे मंडालेची सहा वर्षे होती.

दि. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीस, महाराज समाधिस्थ झाले. त्या दिवशी आपल्या घरांतील व्रतस्थ स्त्रिया बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करतात, परसातले, हाताने लावलेले तेवढेच शिजवितात. हा योग आम्हांला नेहमी सूचक वाटतो.

तोवर भाऊ कवर डॉक्टर झाले होते. खामगावच्या सरकारी दवाखान्यात त्यांची नेमणूक होती. समाधीनंतर केव्हातरी त्यांना एक दुर्धर फोड झाला. बाहेरगावचे डॉक्टर आले, औषधे झाली, शस्त्रक्रिया झाली, वेदना शमेनात. इतरांचे फोड कापणारा हा गृहस्थ स्वतः अंथरुणाला खिळून महाराजांचा धावा करीत होता. मध्यरात्री उलटून एक वाजला असेल; दाराशी दमणी येऊन थांबली. आत आलेल्या ब्राह्मणाने आपले नाव गजा सांगितले, शेगावाहून अंगारा व तीर्थ आणल्याचे सांगितले, ते दिले आणि तो थांबला नाही. मागून त्याला शोधावयास माणूस गेला तो रस्त्यावर ना दमणी, ना ब्राह्मण. फोडाला अंगारा लावला. फोड फुटला, पू वाहून गेला आणि डॉक्टरांना झोप लागली.

त्या रात्री शेगावाहून खामगावी जे आले त्याची बाजारात किंमत काय होईल? चिमूटभर राख आणि पळीभर पाणी. मागे अकोल्याहून तीन भाकरी गेल्या होत्या, तशाच फडक्यात बांधून. बरे वाटल्यावर डॉक्टर शेगावी गेले आणि त्यांनी तेथे अन्नदान केले. आज प्रकटदिनी आमच्या गावातील अनेक घरांत बेसन-भाकर आणि अंबाडीच्या भाजीचाच नैवेद्य वाढला जातो. डबा घेऊन निघणाऱ्या माउलींनी भाकर गरम असतानाच तिला लोणी लावावे, म्हणजे शेगावी पोहोचेपर्यंत ती मऊ राहते.