छत्रीवाले फादर आणि त्यांचे लेखक



मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात रेंगाळणाऱ्यांत रहस्यकथांचे काही वाचक आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे. सध्या काय वाचताय, कुठवर आलात, खुनी कोण ते मात्र सांगू नका, असे त्यांचे बोलणे कानावर येते. कोणाच्या पिशवीत बाबूराव अर्नाळकरांचा जुना झुंजार असतो, कोणाकडे अगाथा ख्रिस्तीचा मराठी अनुवाद. आम्ही जवळ आलो की पुस्तक हळूच पिशवीत जाते. खून-दरोड्यांच्या गोष्टी फादरांना रुचणार नाहीत, असा बहुधा समज असावा. म्हणून ह्या रविवारी एका अशा लेखकाची ओळख करून देत आहोत, ज्यांनी खुनाचा छडा लावण्याचे काम चक्क एका कॅथलिक फादरांकडे सोपवले.

गिल्बर्ट कीथ चेस्टरटन ह्यांचा जन्म २९ मे १८७४ रोजी लंडनमध्ये केन्सिंग्टन भागात झाला. घराणे घर-जमिनीच्या दलालीचा व्यवसाय करणारे, खाऊनपिऊन सुखी. वडिलांना हस्तकलेची आवड. त्यांनी मुलांसाठी पुठ्ठ्याचे एक छोटे नाट्यगृह बनवले होते, त्याची मोहिनी चेस्टरटन ह्यांच्यावर आयुष्यभर राहिली. घरात धर्माचे वातावरण मात्र जेमतेमच होते. सेंट पॉल्स शाळेतून ते चित्रकला शिकण्यासाठी लंडनच्या स्लेड संस्थेत गेले आणि तिथेच, १८९३ ते १८९५ च्या सुमारास, त्यांच्या आयुष्यातला सर्वांत काळोखाचा काळ आला.

ह्या काळाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढच्या सगळ्या रहस्यकथांचे मूळ तिथे आहे. त्या तरुण मुलाने कोणाचे काही वाईट केले नव्हते. पण तो एकटा पडला, प्लँचेटच्या नादी लागला, हे जग खरे आहे की आपल्याच मनाचा खेळ आहे ह्या विचाराने त्याला ग्रासले. मनात अशा काही दुष्ट कल्पना येऊ लागल्या की तो स्वतःलाच घाबरला. वेड लागणार, असे त्याला वाटू लागले. त्यातून तो बाहेर आला तो कोणा डॉक्टरच्या औषधाने नव्हे, तर आपण आहोत, हे जग आहे, ह्याबद्दलच्या एका साध्या कृतज्ञतेने. बाहेर येताना एक गोष्ट मात्र कायमची शिकून आला. गुन्हेगार म्हणजे कोणी वेगळ्या जातीचा प्राणी नव्हे. तो आपल्याही आत कुठेतरी बसलेला असतो.

पुढे ते पत्रकार झाले. १९०१ साली फ्रान्सिस ब्लॉग ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नाच्या दिवशी वाटेत थांबून त्यांनी एका दुकानात ग्लासभर दूध प्यायले आणि दुसऱ्या दुकानातून काडतुसांसह एक पिस्तूल विकत घेतले. मधुचंद्राच्या प्रवासात बायकोचे रक्षण करायला नको का? सव्वासहा फुटांवर उंची, अफाट देह, अंगावर झगा, नाकावर चिमट्याचा चष्मा आणि हातात आत तलवार लपवलेली काठी, असे त्यांचे रूप होते. विसराळू इतके की एकदा व्याख्यानासाठी निघाले आणि भलत्याच गावी उतरून, आपण आता नक्की कुठे असायला हवे, अशी विचारणा करणारी तार त्यांनी बायकोला पाठवली, ही गोष्ट इंग्लंडभर प्रसिद्ध आहे. फ्रान्सिसबाईंनी हा संसार कसा सांभाळला असेल, हे आपल्याकडच्या गृहिणींना वेगळे सांगायला नको. दोघांना मूलबाळ झाले नाही. १९०९ मध्ये ते लंडन सोडून बीकन्सफील्ड ह्या गावी राहायला गेले.

त्याच वर्षी त्यांचा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याविषयीचा एक लेख लंडनच्या एका साप्ताहिकात आला. हिंदी लोकांनी इंग्रजी संस्थांची नक्कल न मागता आपले स्वतःचे काही मागावे, असा त्याचा रोख होता. तेव्हा लंडनमध्ये असलेल्या गांधीजींच्या तो वाचनात आला आणि त्यांनी आपल्या गुजराती वाचकांपुढे तो आवर्जून ठेवला. हे जाता जाता.

रहस्यकथांवर चेस्टरटन ह्यांचे लहानपणापासून प्रेम होते, आणि तेही स्वस्तातल्या, विद्वान नाके मुरडतात तसल्या पुस्तकांवर. १९०१ मध्येच त्यांनी ह्या कथांची बाजू घेणारा निबंध लिहिला होता. शहरातली गल्ली, दिव्याचा खांब, घराच्या भिंतीची वीट ह्यांतही काही अर्थ दडलेला आहे हे ह्या कथा दाखवतात, असे त्यांचे म्हणणे होते. वाचकाला अंधारात ठेवणे हा रहस्यकथेचा हेतू नसून, शेवटी जो उजेड पडतो त्यासाठी ती असते, हेही त्यांनी पुढे लिहिले. पण गुप्तहेर म्हणून फादर आणण्याची कल्पना त्यांना सुचली ती एका खऱ्या फादरांमुळे.

यॉर्कशरमधल्या कीली गावी ते व्याख्यानासाठी गेले असता त्यांची फादर जॉन ओ'कॉनर ह्यांच्याशी ओळख झाली. हे मूळचे आयर्लंडचे, तिथे साहाय्यक धर्मगुरू होते. दोघे माळरानावरून पायी इल्क्लीला निघाले. वाटेत चेस्टरटन ह्यांनी समाजातल्या काही अनाचारांविषयी आपले एक मत मांडले. फादरांनी शांतपणे काही माहिती दिली आणि ते मत अज्ञानातून आलेले कसे आहे, हे दाखवले. ती माहिती ऐकून चेस्टरटन हादरले. स्लेडच्या दिवसांत आपण पापाचा तळ पाहिला, असे त्यांना वाटत होते. हा साधा, हसतमुख माणूस त्याहून खोल जाऊन आला होता आणि तरी त्याचे हसू शाबूत होते.

पुढे ज्या घरी ते उतरले तिथे केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले. फादरांशी संगीतावर, निसर्गावर गप्पा झाल्या. फादर खोलीबाहेर जाताच ते दोघे म्हणू लागले की, माणूस हुशार आहे, पण चार भिंतींत कोंडलेल्या ह्या बिचाऱ्यांना जगातल्या खऱ्या दुष्टपणाची काय कल्पना! चेस्टरटन ह्यांना हसू आवरेना. त्या फादरांच्या तुलनेत हे दोन तरुण पाळण्यातल्या बाळांइतके अजाण आहेत, हे त्यांना नुकतेच कळले होते. फादर ब्राऊन जन्मले ते इथे. फादर ओ'कॉनर दिसायला नीटनेटके होते. चेस्टरटन ह्यांनी आपल्या नायकाला मुद्दाम बुटका, गोल चेहऱ्याचा, वेंधळा, सतत छत्री पाडणारा केला, म्हणजे त्याच्यावर कोणाची नजर ठरणार नाही.

पहिली कथा १९१० साली प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये युखरिस्तिक काँग्रेस भरलेली आहे. (आपल्या वडीलधाऱ्यांना १९६४ ची मुंबईची काँग्रेस आठवत असेल.) एसेक्सहून आलेल्या एका खेडवळ फादरांकडे निळ्या खड्यांचा मौल्यवान क्रूस आहे आणि फ्लँबो नावाचा अट्टल चोर फादरांचा वेष घेऊन त्यांच्यासोबत चालला आहे. शेवटी उघड होते की फादरांनी त्याला केव्हाच ओळखले होते आणि क्रूस सुरक्षित ठिकाणी रवाना केला होता. चोरांच्या इतक्या युक्त्या तुम्हांला कशा ठाऊक, ह्या प्रश्नाला त्यांचे उत्तर सोपे आहे. जो माणूस दिवसभर बसून लोकांची पापे ऐकतो, त्याला हे कळणार नाही तर कोणाला? आणि ओळखले कशावरून? तर त्या तोतयाने बोलता बोलता मानवी बुद्धीला कमी लेखले. हे काही खऱ्या फादरांचे ईश्वरविज्ञान नव्हे! सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या ग्रंथांशी झगडत असताना कोणी ही कथा हाती दिली असती, तर श्रद्धा आणि बुद्धी ह्यांचे नाते आम्हांला निम्म्या वेळात उमगले असते. त्याच संत थॉमसवर चेस्टरटन ह्यांनी १९३३ मध्ये एक छोटेसे पुस्तक लिहिले आणि एतिएन गिल्सनसारख्या ह्या विषयातल्या मोठ्या विद्वानानेही त्याची वाखाणणी केली.

१९११ ते १९३५ ह्या काळात फादर ब्राऊनच्या कथांचे पाच संग्रह निघाले. चौथ्या संग्रहात एक अमेरिकन पाहुणा त्यांना तपासाची पद्धत विचारतो. फादर सांगतात की ते सगळे खून मी स्वतःच केले. पाहुण्याची वाचाच बसते. म्हणण्याचा अर्थ असा की, किडा तपासावा तसे गुन्हेगाराकडे बाहेरून बघण्यात फादरांना रस नाही. ते त्याच्या मनात शिरत जातात, त्याचा राग, त्याची भीती, त्याचा हेवा स्वतःच्या आत शोधतात. प्रत्यक्ष कृतीला संमती देण्याची तेवढी एक पायरी सोडून बाकी सर्व पायऱ्या ते चढतात. मग खुनी कोण, हे त्यांना कळते.

इथे शेरलॉक होम्स आणि फादर ब्राऊन ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. गुन्हेगार सापडला की बहुतेक रहस्यकथा संपतात. फादर ब्राऊनचे खरे काम तिथून पुढे सुरू होते. फ्लँबोला ते पोलिसांच्या नव्हे, तर पश्चात्तापाच्या हवाली करतात आणि तो त्यांचा जिवलग मित्र होतो. एका कथेत तर खुन्याला ते देवळाच्या उंच सज्जावर गाठतात, सगळे उलगडून सांगतात आणि हे गुपित मी फोडणार नाही, पुढचे तुझे तू ठरव, असे म्हणून जिना उतरतात. तो काय ठरवतो, हे आम्ही सांगत नाही. ज्यांनी ती कथा वाचलेली नाही ते आम्हांला क्षमा करणार नाहीत.

आम्हां धर्मगुरूंना लोक कधी कधी विचारतात, इतक्यांची पापे ऐकून तुमचे मन निबर होत नाही का? ऐकलेले बाहेर बोलायचे नसते हे तर सर्वांना माहीत आहे. पण त्या कठड्यापलीकडून जे ऐकू येते ते आपल्यालाही परके नाही, ही जाणीव एकदा झाली की कोणाला तुच्छ लेखणे अवघड होऊन बसते. ही गोष्ट एका प्रापंचिक माणसाने इतकी अचूक टिपावी, ह्याचे आम्हांला नेहमी आश्चर्य वाटते.

कारण पहिली कथा लिहिली तेव्हा चेस्टरटन कॅथलिक नव्हतेच! त्यांना आणखी बारा वर्षे लागली. मधल्या काळात १९१४ च्या अखेरीस ते गंभीर आजारी पडून कित्येक आठवडे जवळजवळ बेशुद्धीत होते. १९१८ मध्ये धाकटा भाऊ सेसिल महायुद्ध संपल्यावर फ्रान्समधल्या लष्करी इस्पितळात वारला. तो आधीच कॅथलिक झाला होता. चेस्टरटन ह्यांचा पाय अडकला होता तो मुख्यतः फ्रान्सिसबाईंसाठी. त्या निष्ठावान अँग्लिकन होत्या, त्यांना मागे ठेवून जाणे त्यांच्या जिवावर आले होते. अखेर ३० जुलै १९२२ रोजी तो विधी झाला. बीकन्सफील्डला तेव्हा कॅथलिक देऊळ नव्हते, म्हणून रेल्वे हॉटेलच्या एका पत्र्याच्या खोलीत. स्वीकारायला कोण होते? तेच फादर ओ'कॉनर. फ्रान्सिसबाई हजर होत्या आणि रडत होत्या. चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १९२६ रोजी, त्याही कॅथलिक झाल्या. तुम्ही हा निर्णय का घेतलात, असे लोक चेस्टरटन ह्यांना विचारत, तेव्हा मोठमोठे युक्तिवाद बाजूला ठेवून ते सांगत की मला माझ्या पापांपासून सुटका हवी होती.

१९३० मध्ये इंग्लंडच्या रहस्यकथाकारांनी आपले एक मंडळ स्थापन केले, डिटेक्शन क्लब. अगाथा ख्रिस्ती, डॉरथी सेयर्स अशी मंडळी त्यात होती. रोनल्ड नॉक्स तर स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, रहस्यकथा लिहीत आणि त्या कशा लिहाव्यात ह्याचे दहा नियमही त्यांनी केले होते. एकत्र जेवायचे, एकमेकांच्या कामाविषयी बोलायचे, असा तो खेळीमेळीचा बेत. पहिले अध्यक्ष चेस्टरटन. नव्या सभासदाला एका कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे की माझा गुप्तहेर स्वतःच्या अकलेने छडा लावील, दैवी साक्षात्काराने नव्हे! फादर ब्राऊनचे लेखक ही शपथ आनंदाने देत असत. त्यांच्या फादरांनी कधीच चमत्काराने खून उलगडला नाही. उलट, भोवतालचे शिकलेले लोक भुताखेतांवर आणि शापांवर विश्वास ठेवायला उतावीळ होतात, तेव्हा कथेत शंका घेणारा एकटा माणूस फादर असतो.

चेस्टरटन ह्यांनी सुमारे ऐंशी पुस्तके लिहिली. शेवटच्या वर्षांत ते एक साप्ताहिक चालवत. ते कायम तोट्यात असे आणि फादर ब्राऊनच्या कथांचे पैसे त्यात जात. १४ जून १९३६ रोजी, रविवारी, बीकन्सफील्डला त्यांचे निधन झाले, वय ६२. वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमधल्या त्यांच्या मिस्सेत प्रवचन मॉन्सिन्योर नॉक्स ह्यांनी दिले.

त्यांना संत घोषित करावे, असे अनेकांना वाटते. २०१३ मध्ये नॉर्दम्प्टनच्या बिशपांनी तशी चौकशी सुरू केली, पण २०१९ मध्ये प्रकरण पुढे न नेण्याचा निर्णय दिला. त्याच्या कारणांत एक कारण ज्यू लोकांविषयीच्या त्यांच्या लिखाणाचे होते. त्यांचे चाहते त्यावर रागावले. ते लिखाण खरोखरच बोचणारे आहे आणि झाकून ठेवण्यात अर्थ नाही, असे आम्हांला वाटते. प्रत्येक खुन्याच्या मनात शिरणाऱ्या लेखकाला आपल्या शेजारच्या ज्यू माणसाच्या मनात शिरणे जमले नाही.

फादर ब्राऊनवर १९५४ साली चित्रपट निघाला. त्यात ॲलेक गिनेस हे नट फादर झाले होते. चित्रीकरण फ्रान्समधल्या बर्गंडी भागात चालू होते. एका संध्याकाळी गिनेस पायघोळ झगा न उतरवताच मुक्कामाकडे परत निघाले. अंधार पडत होता. गावातला एक लहान मुलगा धावत आला, खरेच फादर आहेत असे समजून त्याने त्यांचा हात धरला आणि बडबड करत बरोबर चालू लागला. आपले फ्रेंच ऐकून पोर घाबरेल म्हणून गिनेस काही बोलले नाहीत. तोपर्यंत कॅथलिक धर्मगुरूंविषयी त्यांच्या मनात बरीच अढी होती. दोन वर्षांनी ते कॅथलिक झाले. त्या मुलाला मात्र ह्यातले काहीच कळले नसणार. थोडे अंतर चालल्यावर फादरांना नमस्कार करून तो कुंपणाच्या भोकातून पसार झाला होता.